तातडीच्या हुकमाचा टँकर

सुरतेतल्या पोलीस नोकरीतली बरीच प्रकरणे विसरलो, पण त्या टँकरची चौकशी मनातून जात नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आखातातल्या युद्धामुळे डिझेलची टंचाई झाली होती, त्यात रोज वीजकपात. सरकारने विशेष अधिकार वापरून डिझेलचे वाटप ताब्यात घेतले. दवाखाने आणि पाणीपुरवठा आधी, कारखाने नंतर. टेंडर काढायला वेळ नव्हता. ज्याच्याकडे टँकर किंवा जनरेटर होता, त्याला एका पत्रावर काम मिळाले. बहुतेकांनी ते चोख केले.

आमच्या हद्दीतल्या एका दवाखान्याच्या डिझेलचा ठेका असाच एका व्यापाऱ्याला मिळाला होता. त्यानेच तक्रार दिली की दवाखान्याचा जनरेटर ऑपरेटर डिझेल चोरतो. आदल्या दिवशी ऑपरेशन चालू असताना जनरेटर बंद पडला होता. डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात टाके घातले. बाई वाचली, हे नशीब.

ऑपरेटर धुळ्याकडचा, पन्नाशीचा. मी त्याला ठाण्यात आणून बसवले. चार तास एकच उत्तर. "साहेब, मी चोर नही शे."

दुपारी त्याची बायको आली. नवागाम वस्तीत राहणारी, कापडाच्या लूम कारखान्यात बॉबिन भरणारी. रडली नाही. म्हणाली, "साहेब, रिकामं पिंप खडखड वाजस. तो टँकर दवाखानाम्हाईन निंघस, आमना घरवरथून जास, तरी वाजस नही."

जमादार हसला. मी हसलो नाही. दिवसभर यंत्रांच्या आवाजात काम करणारी बाई आवाजाबद्दल उगाच बोलणार नाही.

दुसऱ्या दिवशी वजनमाप निरीक्षक आणि दोन पंच घेऊन आम्ही पर्वत पाटियाच्या नाक्यावर थांबलो. टँकर आला. काचेवर 'आवश्यक सेवा' अशी पाटी. त्या पाटीमुळे कोणत्याच नाक्यावर त्याला अडवत नसत.

"गाडी खाली छे, साहेब," ड्रायव्हर म्हणाला. म्हणजे रिकामी.

निरीक्षकाने वरून माप घातले. पट्टी कोरडी निघाली. मी पाना घेऊन टाकीवर ठोकत पुढे गेलो. मागचा भाग घणघणला, केबिनजवळचा मात्र धप्प वाजला.

ड्रायव्हरला बाजूला घेतले. दमदाटी केली नाही. ऑपरेशन टेबलावरच्या बाईची हकीकत तेवढी सांगितली. मग स्टेपनीमागचा छोटा व्हॉल्व्ह त्याने स्वतः दाखवला. टाकीत आडवा पत्रा मारून चोरकप्पा केला होता. दवाखान्यात बाकीची टाकी रिकामी व्हायची, माप बरोबर दिसायचे, कारकून सही करायचा. चोरकप्प्यातले डिझेल कपड्याच्या कारखान्यांना जायचे. दवाखान्यात डिझेल पुरत नाही म्हणून जादा खेपांचे कामही त्याच व्यापाऱ्याला मिळाले होते.

व्यापारी ठाण्यात आला तो हुकमाचे पत्र टेबलावर ठेवतच. "साहेब, टंचाईत माझ्याशिवाय होतं कोण? मी नसतो तर दवाखाना पहिल्याच दिवशी बंद पडला असता."

"खरं आहे," मी म्हणालो. "सरकारने तुमच्यावर भरवसा टाकला तो त्याचसाठी." आणि पंचनामा त्याच्यासमोर सरकवला. टाकीचा फोटो पाहिल्यावर त्याने पाणी मागितले. पुढे कोर्टात त्याला शिक्षा झाली.

ऑपरेटरला मी स्वतः दवाखान्यात सोडायला गेलो आणि सगळ्या स्टाफसमोर सांगितले, "माणूस निर्दोष आहे, चूक माझी." तो शर्टाच्या बाह्या वर करून जनरेटरच्या खोलीत शिरला.

संकटात सरकारने असे अधिकार वापरलेच पाहिजेत, असे मी आजही ठामपणे म्हणतो. ते नसते तर त्या दवाखान्यात दिवा लागला नसता. पण घाईत टेंडर वगळले तरी तपासणी वगळता येत नाही. आणि तक्रार कोट घातलेल्याने केली, आरोपी तेलकट हाताचा आहे, म्हणून चौकशीची दिशा ठरवू नये. नेमके तेच मी त्या चार तासांत केले होते. नवागामची ती बाई ठाण्याची पायरी चढली नसती, तर एक निर्दोष माणूस माझ्याच सहीने कोठडीत गेला असता.