केकवरचा चीन

मिल्टन कीन्समधल्या आमच्या घरी एका शनिवारी दुपारी तीन साम्राज्यं जेवायला होती. त्यातलं एक माझा नवरा, म्हणजे तसं घरचंच.

झालं असं, की लेकीला शाळेतून इतिहासाचा होमवर्क मिळाला होता. पुस्तकात एक जुनं व्यंगचित्र होतं: युरोपातले राजेराण्या सुऱ्या घेऊन टेबलाभोवती बसलेत, मध्ये केक, केकवर लिहिलंय चीन. मागे केकचा मालक हात वर करून ओरडतोय आणि त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. तसंच चित्र आपल्या हाताने काढून न्यायचं होतं. लेकीला समोर माणसं बसवल्याशिवाय काही काढता येत नाही. माणसं आयती होती: नवरा आणि त्याचे ऑफिसातले दोन मित्र, एक नागपूरचे, एक मुंबईचे.

केक मात्र माझा होता. रव्याचा, बिनअंड्याचा, चौकोनी, वर खोबरं. आधीचे सगळे मध्येच बसले होते, हा पहिलाच नीट फुगला होता. दुसऱ्या दिवशी तो मंडळाच्या दिवाळीला न्यायचा होता, कारण तिथे दरवर्षी एकाच बाईंच्या केकचं कौतुक ऐकून माझे कान किटले होते. नुसता बघायला देतेय, असं मी बजावलं.

ब्रिटन कोण, यावरूनच जुंपली. नागपूरकरांचं म्हणणं, त्यांचा पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायचा परवाना, सगळ्यांत आधी झाला. नवऱ्याचं म्हणणं, घर त्याचं. शेवटी माझी ओढणी डोक्यावर घेऊन नवरा मिशीसकट राणी झाला. नागपूरकर कुकरचा डबा डोक्यावर घालून जर्मनीचे कैसर झाले आणि मुंबईकरांच्या वाट्याला माझी शाल आणि रशिया आला. मागचा ओरडणारा व्हायला कुणी तयार होईना. सगळ्यांना सुरीच हवी होती.

मी वरच्या खोलीत आईला फोन करायला गेले. पुढचं लेकीकडून कळलं. चित्र खरं वाटावं म्हणून कैसरने केकवर सुरी नुसती टेकवली. राणी म्हणाली, रेघ माझ्या बाजूला सरकलीय. ती सरळ करायला थोडं कापलं, कापलेलं टाकवेना म्हणून खाल्लं, मग उरलेल्या वाटण्या सारख्या होईनात. रशिया भांडण मिटवायला मध्ये पडला आणि त्या कष्टाबद्दल एक अख्खा कोपरा घेऊन बाजूला झाला.

मी खाली आले तर ताटलीत चुरा. रागाआधी रडूच आलं मला. दोन्ही हात आपोआप वर गेले, तोंड उघडलं.

"आई, हलू नको," लेक पेन्सिल उचलत म्हणाली. "तू परफेक्ट चायना आहे."

मी तशीच उभी राहिले. काय करणार, सोमवारी होमवर्क द्यायचा होता.

"डावा हात जरा अजून वर घे," राणीने सुचवलं. तिच्या मिशीला खोबरं लागलं होतं.