आमची मद्रासीन

माझ्या धाकट्या भावानं लग्न केलं ते आमच्या पांढुर्ण्याच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सशी. ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मुलगी केरळची. पण आमच्या घरात, गल्लीत, खरं तर साऱ्या गावात केरळ, आंध्र, कर्नाटक असलं काही नव्हतंच. चंद्रपूरच्या खाली जे काय होतं ते सगळं मद्रास, आणि तिकडून आलेला तो मद्रासी. त्या बिचारीनं मद्रास पाहिलं होतं एकदाच, गाडी बदलताना, तेही फलाटापुरतं.

छिंदवाड्याला जाऊन दोघांनी कोर्टात लग्न उरकलं. वर्षभर आई तिच्याशी बोलली नाही. बोलायची वेळ आलीच तर भिंतीला ऐकवायची, की कोणीतरी दूध उतू घालवलं, कोणीतरी तुळशीला पाणी घातलं नाही. मी तेव्हा सौसरला दिलेली, तिथल्याच शाळेत शिकवत होते. रविवारी बसनं माहेरी यायची, आणि तिनं पुढे केलेला चहाचा कप तिच्याकडे न बघता उचलायची. मग आईला कावीळ झाली. सुनेनंच ड्यूटी सांभाळून आईचं पथ्यपाणी, कपडे, उलट्या सगळं काढलं. जरा बरं वाटल्यावर एका सकाळी आईनं अंथरुणातूनच आवाज दिला, "काय व मद्रासीन, चहा देतं का नाही मले?" घराला हायसं वाटलं. सासूनं सुनेला हाक मारली! भाऊ तर एवढं सांगायला सौसरपर्यंत आला.

तेव्हापासून ती मद्रासीन. आई म्हणे, मी म्हणे, शेजारच्या बाया म्हणत, भाजीवालीसुद्धा म्हणे. धाकट्या भावाच्या बायकोला आमच्याकडे सरळ नावानं हाक मारतात, आणि तिचं नाव काही कठीण नव्हतं. पण आम्हाला वाटे, केवढं आपलं मोठं मन. 'आमची मद्रासीन' म्हणतो ना बाप्पा, आणखी काय पाहिजे?

आणि हे म्हणणारी मी कोण, तर जबलपूरला बी.एड.च्या होस्टेलात कोणी "ए मराठन" म्हटलं की अंगावर धावून जाणारी. तिथल्या मुली माझ्या 'करून राहिली'ची नक्कल करत आणि वर सांगत, अगं लाडानं म्हणतो. लाडानं म्हणे! एकीच्या डोक्यावर मी भरली बादली ओतली होती. माझा राग नाकावर, हे अख्ख्या खानदानाला माहीत. पण तो फक्त माझ्यापुरताच जागा असायचा. लिहितानाही लाज वाटते.

मग तिला मुलगी झाली. बारशाला आत्या म्हणून मान माझा. झबलं, टोपडं, कुंची, चांदीचे वाळे घेऊन मी मिरवतच गेले. घरभर बाया, घुगऱ्यांची पातेली, पाळण्याला झेंडूच्या माळा. पोरगी आईसारखी सावळी, डोळे हे एवढाले. मी पाळण्यात वाकले, बायांनी पाठीवर धपाटे घालायला हात उचलले. नाव सांगायच्या आधी थोडी गंमत करायचीच, नाही तर आत्या कसली? मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "कुर्रर्र... आमची लहान मद्रासीन!"

काय हशा पिकला! धपाटे पडले, आई डोळे पुसून पुसून हसली. एक काकू पाळण्याला झोका देत म्हणाल्या, काय व काळी मद्रासीन, इडली खातं का? पुन्हा हशा.

ती पाळण्याशेजारी पाटावर बसली होती, डोक्यावर पदर, ओटीत नारळ. तिनं पाळण्याची दोरी हातात धरली. झोका थांबला.

"मले म्हना, ताई," ती म्हणाली. "तिले नोका म्हनू."

आवाज चढवला नाही, रडली नाही. आमच्याच बोलीत बोलली, आमच्याच घरात शिकलेल्या. काकूंनी पाळण्यावरचा हात काढून घेतला. शेवटी आईच म्हणाली, नाव घे व पोरीचं, उशीर होऊन राहिला. मी पुन्हा वाकले आणि ठरलेलं नाव सांगितलं. धपाटे पडले, पण हलके, नुसते हात लावल्यासारखे. माझे कान तापले होते. खरं सांगते, तेव्हा लाज कमी आणि संतापच जास्त होता. चार बायांत हिनं माझं पाणी उतरवलं, एवढंच माझ्या डोक्यात.

बाया गेल्यावर मी तिला खोलीत गाठलं. ती बाळाला पाजत होती. मी फणकाऱ्यानंच विचारलं की एवढ्या बायांमध्ये बोलायची काय गरज होती, आम्ही काय दुष्टाव्यानं म्हणतो का? तिनं बाळाच्या तोंडावर पदर ओढला. मीच हळूहळू ढिली पडले. तिला खाली मान घालून बसलेलं पाहिलं आणि पहिल्यांदा मनात आलं की हिला हे पहिल्या दिवसापासून लागत असणार. त्या काविळीच्या सकाळी, हातात चहा घेऊन आली तेव्हाही.

"मंग आधी काहून नाही सांगतलं व?" मी विचारलं.

तिनं बाळाला खांद्यावर घेतलं, पाठीवरून हात फिरवत राहिली.

"सांगतलं असतं त तुमी मले आवाज देनंच बंद केलं असतं."

नाही व, असं कसं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण ती खरं बोलत होती.