दोघांचीच खोली

शुभांगीचं माहेर निफाडचं. घर काही मोठं नव्हतं, पण त्याचं दार दिवसा कधी लागलेलं नसायचं. वडिलांची पिठाची गिरणी घराला लागूनच. दळण घेऊन आलेली बाई ते होईपर्यंत ओट्यावर टेकायची, टेकली की चहा व्हायचा आणि चहा होईस्तोवर घरात काय भाजी केली आहे इथपर्यंत चौकशी जायची. अशा घरातली मुलगी सत्त्याण्णव साली लग्न होऊन नाशकात आली आणि महिन्याभरात तिला कळून चुकलं, की इथे कुणाला चहाला बोलवायचं तर आधी घरमालकाचा चेहरा बघावा लागतो.

नवरा चंदर मूळचा नांदगावकडचा. आयटीआय करून अंबडच्या एका कारखान्यात मशीनवर लागला होता. अजून कायम झालेला नव्हता, पण आज ना उद्या होईल अशी आशा होती. शुभांगी द्वारका चौकाजवळ भांड्यांच्या दुकानात बिलं करायला जायची. दोघांच्या पगारात खाऊनपिऊन सुखी राहता आलं असतं. पण चंदरचा निम्मा पगार भाड्यातच जायचा आणि एवढं देऊनही घर आपलं वाटायचं नाही.

पहिली खोली पंचवटीत मिळाली. अकरा महिने पुरे झाले तशी मालकीण म्हणाली, पुतण्या यायचाय, खोली लागेल. पुतण्या काही आला नाही. पुढच्याच आठवड्यात तिथे जास्त भाड्याचं दुसरं बिऱ्हाड आलं. दुसरी खोली द्वारका चौकाजवळ, एका गॅरेजच्या वर. तिथल्या मालकाने एक किल्ली स्वतःकडे ठेवली होती आणि ही दोघं कामावर गेली, की तो नळ गळतो का ते बघायला आत शिरायचा. नळ बघायला आलेला माणूस कपाट कशाला उघडतो, असं शुभांगीने एकदा तोंडावर विचारलं. झालं, तिथूनही सामान उचललं.

तिसरं घर सिडकोत, खंडेराव नावाच्या रिटायर झालेल्या गृहस्थांचं. सगळे त्यांना भाऊ म्हणत. खाली ते आणि त्यांची बायको, वर या दोघांच्या दोन खोल्या. भाऊ शिवीगाळ करणारे नव्हते, पैशालाही वाकडे नव्हते. पण त्यांचे नियम होते आणि ते नियम जिन्यापाशी उभे राहून ते रोज नव्याने सांगत. पाणी सकाळी अर्धा तास. भिंतीला खिळा नाही. साडेनऊनंतर मिक्सर नाही. आणि सगळ्यात मुख्य, "खोली दोघांची ठरलीय. तिसरं माणूस राहायला चालणार नाही. आज पाहुणा म्हणून येतं आणि उद्या मुक्काम ठोकतं."

शुभांगीची आई निफाडहून आली, की संध्याकाळच्या एसटीने परत जायची. "राहा गं," असं लेकीने म्हणायचं नाही आणि "राहते," असं आईने म्हणायचं नाही, असं दोघींचं न बोलता ठरून गेलं होतं. आई गेली, की शुभांगी ओट्यावरची भांडी उगीचच आपटून घासायची. मग खालून काठीने छत ठोकल्याचा आवाज यायचा.

चंदर शांत डोक्याचा. तो म्हणायचा, "सोड ना. एकदा कायम झालो, की कर्ज काढू."

"तोवर काय पायांत कापूस बांधून चालायचं?" ती म्हणायची.

नव्याण्णव सालच्या हिवाळ्यात चंदरच्या वडिलांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नाशकात यावं लागलं. पुंजा नाना म्हणजे उंचपुरा, खणखणीत आवाजाचा माणूस. बांधावरून हाक मारली तर तिसऱ्या शेतातला बैल मान वर करायचा, असं गावात म्हणत. ऑपरेशननंतर आठ दिवस डॉक्टरांच्या नजरेसमोर राहायला हवं होतं. चंदर भाऊंना विचारायला खाली गेला आणि दोन मिनिटांत वर आला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, दवाखान्यातच ठेवा ना आठ दिवस."

दवाखान्यात ठेवायला पैसे कुठून आणायचे? दोघांनी विचार केला. दुपारी दोन ते चार भाऊंची झोप असे, त्या वेळात नानांना वर आणायचं ठरलं. रिक्षा कोपऱ्यावरच सोडली. जिन्यापाशी आल्यावर चंदर हळूच म्हणाला, "नाना, चपला हातात घ्या."

"जिना आत्ताच पुसलाय व्हय?" नानांनी विचारलं आणि सुनेने एवढा स्वच्छ ठेवलाय म्हणून कौतुकाने चपला काखेत मारल्या. शुभांगी मागून पिशवी घेऊन चढत होती. तिला वाटलं, आपल्याला धरणीने पोटात घ्यावं.

दोन दिवस निभावले. पहाटे उठून खाकरत चूळ भरायची नानांची चाळीस वर्षांची सवय. ते तोंड उघडायच्या आत चंदर नळ सोडायचा. मोठ्याने बोलले, की शुभांगी रेडिओ लावायची. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर बोलायचं नसतं, असं चंदरने त्यांना सांगून टाकलं होतं. नाना दिवसभर स्वयंपाकघरात सतरंजीवर बसून, आवाज खाली जाऊ नये म्हणून बंद ठेवलेल्या खिडकीकडे बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी टाकीतलं पाणी लवकर संपलं आणि भाऊ दुपारी न झोपता सरळ वर आले. शुभांगीची त्या दिवशी सुट्टी होती. दार लोटलेलं होतं. भाऊ आत येऊन थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहिले.

"हे कोण?"

शुभांगीच्या तोंडून निघून गेलं, "शेगडी बघायला आलेत. ज्योत पिवळी येत होती."

भाऊंनी नानांना नीट न्याहाळलं. धोतर, टोपी आणि एका डोळ्यावर हिरवी पट्टी. "एका डोळ्याने बघतात का शेगडी?"

नानांच्या तेवढ्यात सगळं ध्यानात आलं. चपला, रेडिओ, बंद खिडकी, सगळंच. पण सुनेचा शब्द खाली पडू द्यायचा नाही म्हणून ते उठले, शेगडीपाशी गेले आणि बर्नर बघायला खाली वाकू लागले.

"नाना, वाकू नका!" शुभांगी किंचाळलीच. डॉक्टरांनी दहादा बजावलं होतं, काही झालं तरी वाकायचं नाही.

मग भाऊ म्हणाले, "नाना का? बरं." आणि वळता वळता, आवाज न चढवता, "महिनाअखेर खोली खाली करा सूनबाई. मी आधीच सांगितलं होतं."

त्यांची पावलं जिन्यावरून खाली गेली. शुभांगीची मान वर होईना. सासरा, घरी आलेला, आजारी, आणि आपण त्याला शेगडीवाला म्हटलं.

नाना परत सतरंजीवर येऊन बसले. म्हणाले, "पोरी, एवढं काम केलं, शेगडीवाल्याला च्या तरी पाजशील का नाय?"

तिला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच रडू कोसळलं. पदराने डोळे पुसत तिने चहा टाकला आणि दोन वर्षांत आईलाही सांगितलं नव्हतं ते सगळं नानांना सांगितलं. पुतण्या, किल्ली, काठीने ठोकलेलं छत. एजंट लोक कसे आधी एका महिन्याचं भाडं स्वतःसाठी मागतात. घर दाखवताना मालक कसे आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग घरात माणसं किती. नाना चहा फुंकत ऐकत राहिले.

संध्याकाळी चंदर आला, त्याला कळलं. तो म्हणाला, "खाली जाऊन पाया पडतो. एक महिना तरी वाढवून मागतो."

"पड," नाना म्हणाले, आता पूर्ण आवाजात. "पन माझ्या समोर नको पडू. मला आता दोन्ही डोळ्यांनी दिसायला लागनार हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी होती. डॉक्टरांनी पट्टी काढली, काळा चष्मा दिला, डोळा छान आहे म्हणाले. शुभांगी नानांना घेऊन बाहेर आली, तर दवाखान्याच्या भिंतीशी एक बाई मेथीच्या जुड्या आणि झेंडू मांडून बसली होती. नाना थबकले. काळ्या चष्म्यातून त्यांनी मेथीकडे असं बघितलं, जसं लांबच्या गावात कुणी ओळखीचं भेटावं.

"कुढला माल, बाई?"

"घरचा हाय बाबा. मखमलाबादकडं मळा हाय आमचा. पन तुम्ही डोळ्याचं करून उनात काय उभं राह्यले? या, सावलीला बसा." बाईने गोणपाट झटकून दिलं.

तिचं नाव साळूबाई. नाना बसले आणि बोलू लागले. मेथीवरून पाण्यावर गेले, पाण्यावरून विहिरीवर आणि विहिरीवरून थेट लेकाच्या घरमालकावर. चपला हातात घेतल्यापासून सगळं सांगितलं, तेही रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात. शुभांगी नुसती "नाना, नाना" करत होती. दोन गिऱ्हाइकं मेथी घ्यायचं विसरून ऐकत उभी राहिली.

"शेगडीवाला!" साळूबाई पोट धरून हसली. मग एकदम गंभीर झाली. "दोन खोल्या हायेत माझ्याकडं. मळ्याच्या कडंला, रोडला लागून. थोरल्या लेकासाठी, राजसाठी बांधल्या होत्या, तो पुन्याला नोकरीला गेला. आता तिथं भाजीच्या क्रेटी पडल्यात. भाडं घेईन मी, फुकाट नाय द्यायची. आनि दर महिन्याला पाच तारखेच्या आत. किती जन हाय तुम्ही?"

शुभांगी सवयीने म्हणून गेली, "दोघंच. दोघंच आहोत. कुणी येत-जात नाही आमच्याकडे."

साळूबाईचा चेहरा पडला. "कुनी येत नाय? मंग मळ्यात करमायचं कसं तुला? आमच्या शेजाराला तर माणूस लागतं बाई."

शुभांगी बघतच राहिली. माणसं नाहीत म्हणून हिरमुसलेली घरमालकीण तिने पहिल्यांदाच बघितली होती. ती घाईने म्हणाली, "येतात हो, येतात! माझी आई येते. हे नाना आहेत. नांदगावची सगळी भावकी आहे."

"मंग ठीक हाय," साळूबाई म्हणाली आणि नानांच्या पिशवीत दोन जुड्या टाकल्या. त्याचे पैसे मात्र घेतले.

चंदरला आधी पटेना. ओळख ना पाळख, कागद ना करार, शिवाय तिथून अंबड म्हणजे सायकलवर रोजचा घाम. पण रविवारी तो जाऊन बघून आला. खोल्यांना रंग नव्हता, फरशी दोन ठिकाणी तडकलेली होती, वीज दिवसातून चारदा जायची. आणि विहिरीवर पाणी हवं तेवढं. परत आल्यावर तो शुभांगीला एवढंच म्हणाला, "खिडकीच्या बाहेर कोथिंबीर आहे." यावरून तिने ओळखलं, की त्याचं ठरलं.

महिनाअखेरीस भाऊंनी रंगकामाचे म्हणून डिपॉझिटमधून पैसे कापून घेतले. शुभांगीने त्यांना काय काय सुनवायचं ते आठ दिवसांपासून मनात घोळवलं होतं. पण किल्ली घेताना भाऊ स्वतःच म्हणाले, "राग धरू नका सूनबाई. आधीचा भाडेकरू नऊ वर्षं निघाला नव्हता. कोर्टात खेटे घालून माझ्या चपला झिजल्या. तेव्हापासून भीती बसलीय." शुभांगीला त्यांची दयाही आली नाही आणि रागही उरला नाही. फक्त ती किल्ली हातातून एकदाची गेली, याचंच बरं वाटलं.

साळूबाईच्या दिराची भाजीची गाडी बाजारात रिकामी होऊन परत जायची होती, तिच्यातच सामान गेलं. संक्रांतीला नांदगावहून नऊ माणसं आली आणि चार दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी भाकरी थापून थापून शुभांगीचे दंड भरून आले. ती चंदरच्या कानात पुटपुटली, "आता ही जाणार कधी?" आणि आपणच हे बोललो हे लक्षात येऊन तोंडावर हात ठेवून हसत सुटली.

त्या खोल्यांत ती दोघं सहा वर्षं राहिली. भाडं वाढलं, पण कांद्याचा भाव सांगावा तसं साळूबाई चारचौघांत सांगून वाढवायची. एकदा विहिरीच्या मोटारीवरून दोघींचं असं वाजलं, की महिनाभर अबोला. तो अबोला संपला तो शुभांगीला दिवस गेल्याचं साळूबाईने चालीवरून ओळखलं तेव्हा. लेक तेजस्विनी तिथेच जन्माला आली आणि तिथेच वाफ्यांच्या मधून चालायला शिकली. चंदर कायम झाला, त्याने जुनी मोपेड घेतली, मग कर्जावर म्हसरूळला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. हप्ता काही लहान नव्हता. साळूबाई म्हणाली, "भाड्यापरीस जास्तच की गं." त्यावर शुभांगी म्हणाली, "हो, पण मावशी, बँक वर येऊन टाकी बघत नाही."

फ्लॅटचा ताबा मिळाला तो दिवस कामाचा होता. चंदर दुपारपाळीला गेला, पोर साळूबाईकडे राहिली. शुभांगी एकटीच झाडू आणि बादली घेऊन गेली. खोल्यांमध्ये नव्या रंगाचा वास होता, सामान काहीच नव्हतं. तिने एक खोली झाडली, दुसरी झाडायला घेतली आणि मध्येच खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात जरासं टेकावं म्हणून बसली. बसल्याची आडवी झाली. दार सताड उघडं होतं. जिन्यावरून कुणीतरी गेलं, कुणाचा तरी कुकर शिटी देत होता, समोरच्या फ्लॅटमधली बाई डोकावून, ही झोपली आहे असं बघून, पाय न वाजवता परत गेली. शुभांगीला जाग आली तेव्हा ऊन सरकून दुसऱ्या भिंतीवर गेलं होतं. अर्धी खोली झाडायची राहिली होती. तिने कूस बदलली आणि आणखी थोडा वेळ झोपून घेतलं.