उलटा ठेवलेला दगड

आधीच सांगतो, आमच्या घरात लिंबू फक्त सरबताला आणतात. इथले भुताखेतांचे अनुभव वाचून मी बायकोला म्हणायचो, रिकामटेकडे लोक आहेत. आता मीच लिहितोय... हसायचं तर हसा.

मी निपाणीचा, भूवैज्ञानिक. नोकरी बेंगळुरूत. बनशंकरीच्या पुढे आमच्या कंपनीची शेड आहे, तिथे बोअरिंगमधून निघालेल्या दगडाच्या गोल कांड्या लांबट पेट्यांत रचून ठेवतात. आम्ही त्याला कोअर म्हणतो. धर्मपुरीकडच्या एका टेकडीतला जुना कोअर गेल्या वर्षी आमच्याकडे आला. मॉलिब्डेनम या धातूसाठी मागच्या पिढीतल्या लोकांनी ती टेकडी भोकं पाडून चाळली होती, मग भाव पडला आणि सगळं सोडून दिलं. आता पोलादवाल्यांना ते पुन्हा हवंय, म्हणून पेट्या उघडल्या. पांढऱ्या गारगोटीत चंदेरी-करडे पापुद्रे. बोट लावलं की पेन्सिलीसारखा तेलकट डाग पडतो.

दगड कापायला माझा मावसभाऊ रवी होता. नोकरी मीच लावून दिली होती. खांद्यावर कायम टॉवेल, तोंडात कायम गाणं.

पेटीतला कोअर पुस्तकासारखा वाचायचा असतो, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. प्रत्येक कांडीवर खालच्या दिशेचा बाण असतो. एका पेटीत सगळ्यात भारी पापुद्र्यांची एकच कांडी उलटी होती. बाण वर. आणि न कापलेली. मी चिडलो. "काय गाढवं होती लगा, एवढंही कळत नव्हतं?" म्हणत ती सरळ केली आणि मधोमध रेघ मारून रवीकडे दिली.

जेवणानंतरची वेळ, लख्ख ऊन. कटर अर्ध्यात अडकला. रवीनं बटण बंद केलं, प्लगसुद्धा उपसला. पातं थांबलेलं मी स्वतः पाहिलं. दगड सोडवायला तो वाकला आणि त्याच्या खांद्यावरच्या टॉवेलचं टोक हवेत उभं राहिलं.

ते टोक फिरायला लागलं. कुणी धरलेलं नव्हतं. टॉवेल पिळत पिळत त्याच्या उजव्या हातावर चढला, तिथून गळ्यावर. रवी लोखंडी टेबलावर तोंडावर आपटला... दात फुटले. "दादा, ओढ..." एवढंच बोलला. मी कमरेला मिठी मारून ओढलं तर पीळ आणखी आवळला. त्याला पुन्हा उचलून आपटलं. हाताचं हाड मोडलेलं मी ऐकलं. ओलं लाकूड पिळून मोडावं तसा आवाज. त्याचा चेहरा जांभळा पडला, डोळे बाहेर आले. मावशीला काय तोंड दाखवू, हे एकच डोक्यात होतं.

मग माझं डोकं फिरलं. हातोडा उचलला आणि तोंडाला येतील त्या शिव्या घालत त्या दगडावर घातला. परत घातला. माझ्या हातातून रक्त यायला लागलं तरी घालत होतो. कांडी फुटून खाली पडली तेव्हा टॉवेल सैल झाला.

दवाखान्यात डॉक्टरनं एक्स-रे बघून विचारलं, "कुठल्या मशीनमध्ये सापडला?" हाड मळसूत्रासारखं पिळून मोडलं होतं. रवीच्या गळ्याभोवती चंदेरी-करडा पट्टा होता, साबणानं निघेना. कंपनीनं लिहिलं, मशीन चालू राहिलं असणार. पण रवीच्या डाव्या मुठीत उपसलेला प्लग होता. नर्सनं बोटं एकेक करून सोडवली.

त्या टेकडीवर पूर्वी काम केलेल्या सुमतीअक्का मल्लेश्वरममध्ये राहतात, निवृत्त आहेत. त्यांच्याकडे गेलो. मी सांगायला लागलो तशी त्यांनी कॉफी बाजूला ठेवली.

"ती कांडी सरळ केलीस काय रे?"

मी हो म्हटलं.

"ती बोअरमधून वर येत होती तेव्हा आमच्या एका पोराचा टॉवेल मशीनच्या फिरत्या सळईत सापडला. सगळ्यांनी ओढलं त्याला. जेवढं ओढावं तेवढं आवळत गेलं. शेवटी मशीन उलटं फिरवून सोडवला... पण उशीर झाला होता. त्याची माणसं म्हणाली, अक्का, एवढा दगड उलटाच ठेवा, पीळ सुटत राहील. मी सरी, बरं, म्हटलं आणि ठेवला. हे रिपोर्टात काय लिहिणार होते मी?"

दुसऱ्या दिवशी मी त्या कांडीचे सगळे तुकडे शोधून पेटीत उलटे लावले. साहेब म्हणाले नमुना कापून पाठव. मी म्हटलं, तुम्ही कापा. अजून कुणी कापलेला नाही.

खडक कसा तयार झाला ते मी सांगू शकतो, त्यात काय राहिलं ते नाही.

रवी निपाणीला परत गेला. हातात स्टीलची पट्टी बसवलीय, गाणं मात्र बंद आहे. परवा भेटायला गेलो तेव्हा मावशी धुणं वाळत घालत होती. साड्या, चादरी सगळं घट्ट पिळलेलं. टॉवेल तेवढे तिनं बादलीतून काढून तसेच दोरीवर टाकले. खाली अंगणभर पाणी गळत होतं.