चार बोटं माया

भिवंडीत राहून स्वेटर विणणारी बाई जरा चक्रमच असणार, असं माझं पहिल्यापासूनचं मत आहे. इथे थंडी पडली म्हणजे काय होतं, तर पंखा पाचावरून तीनवर येतो. तरी आमच्या शेजारच्या चंद्राकाकू दर दिवाळीला फराळाच्या ताटाबरोबर लोकरीचं काहीतरी धाडतातच. चकल्या दोन दिवसांत संपतात, कानटोप्या जन्माला पुरतात. आमच्या ह्यांच्याकडे इतके मफलर साठलेत की उद्या काश्मीरला बदली झाली तरी एकही विकत घ्यावा लागणार नाही. एकदा मी तोंडावर विचारलं, "काकू, या उकाड्यात हे गळ्यात गुंडाळायचं की उशाला घ्यायचं?" सुयांवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "रुचिरा, तुला नको असेल तर कपाटाला घाल. ते तरी बोलणार नाही."

अशा आहेत काकू. नवरा केसरीनाथभाऊ, हायस्कुलात कारकून होते, जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. बायका सुरुवातीला कीव करायला यायच्या, तर काकू त्यांच्या हातात गुंतलेली लोकर द्यायच्या आणि म्हणायच्या, "बोलता बोलता एवढी सोडव." गुंता सुटेपर्यंत कीव आटलेली असायची.

कामतघरला आमची दुमजली चाळ आहे. मागे भिंतीला लागून कापडाचे लूम. खटखट इतकी अंगवळणी पडली आहे की लाईट जाऊन लूम थांबले की आमची झोपमोड होते. त्या कारखान्याचे मुश्ताकभाई महिन्या-दोन महिन्यांनी पोतंभर चिंध्या काकूंच्या दारात आणून टाकतात. "चाची, माल आ गया," एवढंच बोलतात. मग काकू चिंध्या निवडायला बसतात. जुन्या साड्यांचे पदर, धोतरांचे धड भाग आणि या चिंध्या एकावर एक अंथरून त्या गोधड्या शिवतात. कुणाचं बारसं, कुणाचं लग्न, त्यांची गोधडी ठरलेली. पण दिवाळीची खरी वस्तू म्हणजे बंडी. गोधडीसारखीच थरांची, धावदोरा घातलेली बिनबाह्यांची बंडी, चाळीतल्या प्रत्येक पोराला एक.

या बंडीचं एक शास्त्र होतं. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात त्याला माया म्हणतात. शिंपी माया ठेवतो अर्धं बोट, तीही उपकार केल्यासारखी. काकू दोन्ही कुशींना चार चार बोटं ठेवायच्या. "कापडात चिकटपणा चालेल, मायेत नाही. पोर म्हणजे वाढतं अंग," असं त्यांचं म्हणणं. केसरीनाथभाऊ थट्टा करायचे, "हिने माझी बंडी शिवली तेव्हा तिच्यात मी आणि माझे हेडमास्तर दोघं मावलो असतो."

दरवर्षी वसुबारसेला चाळीतली पोरं आपापली बंडी घेऊन काकूंच्या दारात गर्दी करायची. काकू पोराला अंगावर चढवायला लावायच्या, काखेखाली बोटं घालून बघायच्या, मग शिवण उसवून हवी तेवढी माया सोडायच्या आणि पुन्हा टाके घालायच्या. आत दडलेलं कापड वर्षभर उन्हातान्हात, धुण्यात गेलेलं नसायचं. त्यामुळे बंडी विटलेली आणि दोन्ही कुशींना मात्र कोऱ्या गडद रंगाची पट्टी. जितकी पट्टी रुंद तितकं पोर वाढलं. पोरांना नव्या कपड्यापेक्षा त्या पट्टीचं कौतुक. "माझी दीड बोट निघाली!" "ह्या! माझी दोन!" दिवाळीचे फटाके फुटायच्या आधी आमच्या गॅलरीत ही भांडणं फुटायची.

दर्शन चाळीत आला तेव्हा चार वर्षांचा होता. त्याचा बाप भरत टेम्पोवर, आई भाग्यश्री दापोड्याला गोडाऊनमध्ये पॅकिंगला. माणसं मूळची अकलोलीच्या वरच्या अंगाला डोंगरात पाडा आहे तिथली. पोराच्या हृदयाला जन्मतः भोक. मुंबईला नेऊन एकदा ऑपरेशन झालं होतं, पण पुढे डॉक्टरांनीच आता आणखी कापाकापी नको म्हणून सांगितलं होतं. औषधं द्या आणि जपा, एवढंच. जपायचं म्हणजे काय, ते दिवसभर ड्युटीवर उभ्या राहणाऱ्या बाईला कोण सांगणार? भाग्यश्री शिफ्टला जाताना त्याला काकूंच्या दारात बसवून जायची. ओठ निळसर, नखं निळसर, आणि डोळे मात्र अखंड चौकशी करणारे. सुईला एकच नेढं का, लोकर मेंढीची असते तर गुलाबी मेंढी कुठे असते, असले प्रश्न. काकूंनी पहिल्याच दिवाळीला त्याला बंडी शिवली, जांभळी. माया नेहमीची, चार बोटं.

पुढच्या वसुबारसेला तोही रांगेत उभा राहिला. काकूंनी त्याच्या काखेखाली बोटं घातली आणि त्यांची बोटं तिथेच थांबली, हे मी माझ्या दारातून पाहिलं. बंडी गेल्या वर्षीइतकीच सैल होती. काकूंनी एक क्षणही जाऊ दिला नाही. "अरे वा! वाढलास की गुलामा!" म्हणत त्यांनी कूस उसवली आणि बरोब्बर त्याच रेघेवर पुन्हा टाके घातले. दर्शन छाती काढून निघून गेला.

"काकू," मी म्हटलं, "उसवलंत आणि होतं तिथंच शिवलंत."

"तुझे डोळे फार चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "ते जरा तुझ्या करपलेल्या करंज्यांकडे लाव."

त्याच्या पुढच्या वर्षीही तेच झालं. उसवायचं, तिथंच शिवायचं, पाठीवर थाप मारायची. सहा वर्षांच्या पोराला ते खरं वाटलं. सातव्या वर्षी मात्र वाटेना.

गेल्या वसुबारसेची गोष्ट. सकाळी भाग्यश्री ड्युटीवर जायच्या आधी काकूंकडे आली. बंडी तिच्या हातात होती. मी चहाला तिथेच बसले होते.

"काकू, ही जरा आत घ्या ना. लई ढगळ होतेय. भाऊबीजेनंतर गावाला जायचं हाय. सासू बघंल तर म्हणंल, दोघं कमावतात न् पोराच्या पोटाला घालत न्हाय. अंगाला बसली म्हणजे एवढं दिसून येत न्हाय."

पोर सुकत चाललं होतं, ते आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. काकू म्हणाल्या, "ठेवून जा. करते." भाग्यश्री गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "आयुष्यात कधी कुणा पोराची बंडी आत घेतली नाही गं मी." आणि चहा तसाच टाकून त्या उठल्या.

दुपारी दर्शन आला. इतर पोरं आपल्या पट्ट्या मिरवून गेली होती, हा मुद्दाम मागे राहिला होता. जिना चढून आल्यामुळे बोलायच्या आधी त्याला दारात बराच वेळ दम खात उभं राहावं लागलं. मग त्याने विचारलं, "आजी, माझी पट्टी का निघत न्हाय?"

काकूंनी सुई खाली ठेवली.

"तू दर वर्षी म्हणते वाढलास. मग पट्टी कुठं हाय? सगळ्यांची हाय. त्या खालच्या सुयशची दोन्हीकडं हाय. तो म्हणतो, तू वाढलाच न्हाय."

आई म्हणते आत घे, पोर म्हणतं बाहेर सोड, आणि बंडी एकच. पट्टी काढावी तर पोर बंडीत बुडणार. आत घ्यावी तर सुयश खरा ठरणार. काकूंनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता. म्हणाल्या, "माझं चुकलं रे. म्हातारीला दिसत नाही नीट. संध्याकाळी ये, तुझी माया सोडून ठेवते."

त्या दिवशी काकू जेवल्या नाहीत. दार लोटून बसल्या. मी आत गेले तेव्हा बंडी मांडीवर पालथी होती. दोन्ही कुशी उसवून त्यांनी दोन दोन बोटं माया बाहेर सोडली होती. कोऱ्या जांभळ्या रंगाची पट्टी इतकी ठसठशीत की सबंध चाळीत तशी कुणाची नव्हती. आणि जेवढं कापड बाजूंनी सोडलं होतं, त्याहून जरा जास्त त्यांनी पाठीच्या मधोमध चूण घालून आत ओढून घेतलं होतं. वरून शिवण दिसू नये म्हणून टाके इतके बारीक, की मला हात फिरवून शोधावी लागली. बाजूंनी मुलगा वाढलेला, पाठीमागून आईच्या मनासारखी बंडी अंगाला बसलेली.

"पाठ काही स्वतःची स्वतःला दिसत नाही," काकू म्हणाल्या.

"काकू, तुम्ही बारा गावचं पाणी प्यायलात," मी म्हटलं. मला हसायचं होतं, पण जमलं नाही.

दर्शनने त्या दिवाळीत बंडी अंगावेगळी केली नाही. हात वर करून गॅलरीभर पट्टी दाखवत फिरला. दर चार पावलांवर थांबायचा, कठड्याला टेकायचा, श्वास घ्यायचा आणि पुन्हा हात वर. सुयशने बोटं लावून मोजली आणि हार मानली. त्या पोराच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून मी काकूंच्या लोकरीला, सुयांना, उकाड्यातल्या कानटोप्यांना, सगळ्याला माफी देऊन टाकली.

संक्रांतीनंतर त्याला जास्त व्हायला लागलं. डॉक्टरांनी घरी ठेवा म्हणून सांगितलं, त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. भाग्यश्रीने काम सोडलं आणि त्याला गावाला नेलं. एके सकाळी तिचा फोन आला. काकूंनी फोन ठेवला, पायात चप्पल घातली आणि खांद्याला पिशवी अडकवली. मी काही न विचारता बरोबर निघाले. रिक्षावाल्याने अकलोलीच्या पुढे डांबरी संपते तिथे सोडलं. वरचा चढ काकूंनी माझा हात धरून चढला.

त्यांच्यात लहान मुलांना पुरतात. पण भरत टेम्पो घेऊन सुरतेकडे गेला होता, तो येईपर्यंत थांबले होते. झोपडीच्या ओसरीवर, सारवलेल्या जमिनीवर गोधडी अंथरून दर्शनला निजवलं होतं. आंघोळ घातलेली. अंगात जांभळी बंडी, डोक्याला काकूंनी विणलेली कानटोपी. जवळ त्याची आजी मंगळी बसली होती, जिच्या बोलण्याच्या धाकाने भाग्यश्रीला बंडी आत घेऊन हवी होती. ती सुनेचं डोकं मांडीवर घेऊन थोपटत होती. आम्हाला बघून म्हणाली, "या बाय, बसा. ही बंडी काय त्यानं काढू दिली न्हाय आमाला. पट्टी दावायचा सगळ्या पाड्याला."

काकू त्याच्याजवळ बसल्या. कानटोपी सारखी केली. भाग्यश्री उठून बसली. रडून रडून तिचा आवाज गेला होता.

"काकू, त्याला ठाऊक होतं."

"काय गं?"

"मागची चूण. झोपला की टोचायची त्याला. हात मागं नेऊन चाचपत बसायचा. मी म्हटलं, आजीकडनं काढून घेऊ. तर म्हणतो कसा, नको आय, आजीला वाटतं मला कळलं न्हाय. तिला वाईट वाटंल."

केसरीनाथभाऊंच्या वेळीसुद्धा मी काकूंना रडताना पाहिलं नव्हतं. सगळं आवरून, आल्यागेल्याला चहा देऊन त्या उभ्या होत्या. इथे मात्र काकू त्या पोराच्या छातीवर डोकं ठेवून मोठ्याने रडल्या आणि त्यांना कुणी थांबवलं नाही. मीही रडत होते, मी काय थांबवणार?

बऱ्याच वेळाने त्यांनी पदराने तोंड पुसलं. पिशवीतून छोटी कात्री आणि सुई-दोरा काढला. "मंगळी," त्या म्हणाल्या, "याला जरा कुशीवर कर गं. ते टोचणारं काढते मी."

मंगळीने निजलेल्या पोराला वळवावं तसं त्याला हलक्या हाताने कुशीवर केलं. काकूंनी पाठीची चूण उसवायला घेतली. फाडून मोकळं होता आलं असतं, पण त्या एकेक टाका उचलून काढत होत्या. चूण सुटली, पाठ सपाट झाली. मला वाटलं, झालं. पण त्यांनी कुशी धरल्या. आत अजून दोन दोन बोटं शिल्लक होती. एक कूस उसवून त्यांनी सगळी माया बाहेर काढली आणि अगदी काठावर नवे टाके घातले. मग मंगळीने त्याला दुसऱ्या अंगावर केलं आणि काकूंनी तीही कूस तशीच मोकळी केली. पट्टी आता चार बोटं रुंद झाली होती. त्यांनी दोरा दाताने तोडला.

भरत आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तो टेम्पोतून उतरून पळतच चढ चढून आला होता. पोराजवळ गुडघ्यांवर बसला. त्याला उचलायला हात घातले, तर बंडी दोन्ही बाजूंनी खाली लोंबली. इतकं होऊनही त्याच्या ते लक्षात आलं.

"काकू," तो म्हणाला, "लई मोठी झाली की ही त्याला."

काकू सुई पिशवीत ठेवत होत्या.

"असू दे," त्या म्हणाल्या. "वाढत्या अंगाचं पोर आहे."