ओटिलीच्या बंदुकीचा नंबर

गेबहार्ट हाइत्समानला बंदूक दाखवायची म्हणजे आधी टेबल पुसून घ्यावं लागतं. मग तो खिशातून रुमाल काढून तेच टेबल पुन्हा पुसतो. माझ्या टेबलावर त्यानं असं केलं की मला राग येतो. नेमबाजी मंडळाचं स्वयंपाकघर मी सांभाळते, टेबल कसं पुसायचं ते मला कळतं. पण सांगायचं कुणाला? एकदा बंदूक समोर आली की त्याला माणसं दिसतच नाहीत.

आयुष्यभर तो खाली ओबर्नडॉर्फला बंदुकांच्या कारखान्यात तपासनीस होता. निवृत्त झाला आणि आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या बंदुका त्याच्या वाट्याला आल्या. आमच्याकडे घरटी पणजोबांची एक आहेच, अठराशे एकाहत्तरच्या मॉडेलची, एका वेळी एकच गोळी घेणारी. सैन्याला नव्या मिळाल्या तेव्हा या जुन्या मंडळातल्या लोकांनी घेतल्या. गेबहार्ट त्यांच्या अंगावरच्या खुणा वाचतो. मुकुटाखाली बारीक अक्षर दिसलं तर ती तेव्हाच्या तपासनिसाची मोहोर. दस्त्याच्या लोखंडी पट्टीवर पलटणीची खूण. आणि सगळ्यात महत्त्वाचा नंबर. नळीवर असतो तोच बोल्टवर, म्हणजे गोळी आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या दांड्यावर, आणि त्याचे शेवटचे दोन आकडे पार स्क्रूंवरसुद्धा. सगळे जुळले तर बंदूक अस्सल, एकत्र जन्मली आणि एकत्र म्हातारी झाली.

मंडळाच्या वर्धापनदिनाला बेकरीवाल्या आल्फोन्सनं आपली बंदूक पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करून आणली. गेबहार्टनं ती उलटसुलट करून पाहिली आणि खाली बसला.

"आल्फोन्स, पणजोबांचं नावगाव पुसून टाकलंस रे," एवढंच म्हणाला. त्या दिवशी त्यानं केकला हात लावला नाही, आणि केक मी केलेला होता.

आणि याच माणसाच्या स्वतःच्या बंदुकीत बोल्ट मात्र दुसऱ्याचा. पणजोबांच्या काळी नेमबाजीचा सण संपला की सगळे एका बाकावर बसून बंदुका साफ करायचे, मध्ये सफरचंदाच्या दारूचा घडा. त्या गडबडीत कुणाचा तरी बोल्ट कुणाच्या तरी बंदुकीत गेला. आपला बोल्ट इथल्याच कुठल्या तरी घरात आहे, हे गेबहार्टनं मनाशी पक्कं धरलं होतं. दरवर्षी थंडी पडायच्या आधी तो घरोघर बंदुकांना तेल द्यायला जायचा आणि बोल्ट बघून यायचा. एकेक घर गळत गेलं. उरली माझी शेजारीण ओटिली.

ओटिलीचा नवरा योडोक जाऊन बरीच वर्षं झाली. गेबहार्टची बायको त्याच्याही आधी गेली. ओटिलीच्या बोल्टवरचा नंबर म्हणे गंजानं खाल्लेला. "उजेड कमी आहे, पुढच्या आठवड्यात बघू," असं गेबहार्ट म्हणायचा. पुढच्या आठवड्यात ढग यायचे. त्याच्या पुढच्या आठवड्यात चष्मा घरी राहायचा. तोवर ओटिलीनं भाजलेला वेणीसारखा गुंफलेला गोड पाव दर वेळी संपायचा, आणि असं करता करता नाताळ यायचा. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. मंडळात सगळे त्याला चिडवायचे. मी नाही चिडवलं. माझ्या खिडकीतून मला ती दोघं दिसायची, टेबलावर बंदूक आणि दोन कप, आणि मला बरं वाटायचं.

यंदा त्याच्या मुलीनं हट्टानं त्याच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढवून घेतले. गावभर अभिनंदन झालं. "आता सापडतो बघ तुझा बोल्ट," आल्फोन्स म्हणाला. गेबहार्टचा चेहरा पडला.

ऑक्टोबरात मी अक्रोडांची टोपली घेऊन ओटिलीकडे गेले, तर हा दारातच उभा. पाऊल आत पडेना.

"ये की, बूट काढ," ओटिली म्हणाली. "तेल आणलंस ना?"

टॉवेलवर बंदूक ठेवलेली होती. खिडकीतून असं लख्ख ऊन येत होतं की कुठलीच सबब चालली नसती. गेबहार्टनं बोल्ट बाहेर काढला आणि नुसताच हातात धरून बसला.

"वाच," ओटिली म्हणाली.

त्यानं बोल्ट उन्हापासून दुसरीकडे वळवला.

"नव्या डोळ्यांनीही दिसत नाही होय?"

"दिसतंय."

"मग मी वाचू?" आणि तिनं बोल्टकडे न बघता पूर्ण नंबर म्हणून दाखवला. मंडळात तो सगळ्यांना पाठ आहे. गेबहार्टच्या बंदुकीचा नंबर होता तो.

"योडोक गेला त्या हिवाळ्यात मीच साफ केला होता बोल्ट," ती म्हणाली. "गंजबिंज काही नाही त्याच्यावर."

"मला पहिल्याच वर्षी दिसला होता," गेबहार्ट म्हणाला. "आयुष्यात या एकाच बंदुकीबद्दल खोटं बोललो, ओटिली. सापडला म्हणालो असतो तर पुन्हा यायला निमित्त काय होतं मला? पण तू का गप्प राहिलीस?"

"मग पाव कुणासाठी भाजायचा होता?"

मी मान खाली घालून अक्रोड फोडायला घेतले. माझे डोळे भरून आले होते आणि ते त्या दोघांना दिसायला नको होते.

गेबहार्टनं कोटाच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. तिच्यात ओटिलीच्या बंदुकीचा खरा बोल्ट होता, इतकी वर्षं त्याच्या बंदुकीत राहिलेला. "हा तुझा," तो म्हणाला. "आता दोन्ही अस्सल होतील." आणि तेल न देताच उठायला लागला.

"बस खाली." ओटिलीनं रुमाल होता तसा गुंडाळून त्याच्या हातात परत दिला. "काही बदलायचं नाही. तुझी बंदूक इकडे आण आणि माझ्या बंदुकीशेजारी टांग."

"अगं, पण नंबर जुळणार नाहीत."

"सगळे एका घरात तर असतील."

"आणि मी?"

"तू काय तिकडे रिकाम्या भिंतीकडे बघत बसणार आहेस?"

गेबहार्ट रडला. रुमालात बोल्ट होता, म्हणून बाहीनं डोळे पुसू लागला.

"नवे डोळे आहेत, चोळू नकोस," ओटिली म्हणाली आणि त्याच्या पुढ्यात पावाची ताटली सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या भिंतीत खिळा ठोकल्याचे आवाज आले. गेबहार्ट इतक्या जोरात काही ठोकत नाही. हातोडा ओटिलीच्या हातात होता.