लेबल टोचतं म्हणून

धक्क्यावरच्या त्या खोलीला सगळे ऑफिस म्हणत. एक खिडकी, एक शिवणयंत्र आणि भिंतीभर खुंट्यांना टांगलेली त्रेसष्ट नारिंगी लाइफ जॅकेटं, एवढं असलं की ऑफिस होतं म्हणायचं. या ऑफिसच्या सर्वेसर्वा म्हणजे मावशी. पलीकडच्या काठाला जाणारी माणसं तिकीट काढून खिडकीशी येत, मावशी एका नजरेत माणूस मोजी आणि त्याच्या मापाचं जॅकेट त्याच्या अंगावर फेकी. एखादा शहाणा म्हणायचाच, "मला नको, मला पोहता येतं." त्यावर मावशीचं ठरलेलं उत्तर, "मग होडीचं तिकीट कशाला काढलंत? जा की पोहत." बावीस वर्षांत अजून कोणी पोहत गेलेलं नव्हतं.

तशी बाई कामाला चोख. पट्टा उसवला, बक्कल तुटलं, की लगेच यंत्राखाली. आणि दर सोमवारी दुपारी होडी बंद असायची तेव्हा मावशीची परीक्षा. पाळीपाळीने दहाबारा जॅकेटं घ्यायची, प्रत्येकाला लोखंडी वजन बांधायचं, दोरीचं टोक कठड्याला अडकवायचं आणि द्यायचं पाण्यात सोडून. स्वतः तासभर समोर बसायचं. तरंगलं ते पास. बुडालं ते कापून त्याची पायपुसणी. वशिला चालत नसे, एकाच जॅकेटाचा चाले. ते सगळ्यात लहान, कोपऱ्यातल्या खुंटीवरचं, चिमणीचं.

चिमणी म्हणजे मावशीची नात. आई दूरच्या गावी नोकरीला, त्यामुळे पोर आजीपाशी, आणि शाळा नेमकी पलीकडच्या काठावर. गेली चार वर्षं ती रोज सकाळी पहिल्या होडीने जायची. सोमवारी तिचं जॅकेट भिजवलं तर मंगळवारी पोरीने ओलं घालायचं का? सर्दी नाही का होणार? म्हणून ते कधी पाण्यात गेलंच नाही.

मावशीचं वैर एकाच गोष्टीशी होतं, लेबलाशी. ती कामाला लागली तेव्हा लेबलावर बारीक अक्षरात अख्खं पत्र लिहिलेलं असे. "बुडणाऱ्याने आधी चष्मा लावावा, सावकाश वाचावं आणि पटलं तर तरंगावं," मावशी म्हणायची. मग वरच्या साहेबांना साक्षात्कार झाला आणि जॅकेटांचे प्रकार पडले, प्रकार दोन, प्रकार तीन, शाळेच्या तुकड्या पाडाव्या तसे. कोणता प्रकार कोणाला हे होडीवाल्यालाही कळेना आणि साहेबांनाही. आता तिसरी आवृत्ती निघाली होती म्हणे. अक्षरं गेली, चित्रं आली.

मावशीला यातल्या कशाशीच देणंघेणं नव्हतं. लेबल कडक असतं आणि मानेला टोचतं, एवढं तिला पुरे होतं. नवं जॅकेट आलं की ती पहिल्यांदा कात्री घेई आणि लेबल कापून बटणांच्या डब्यात टाकी. प्रवासी खूश, मावशी खूश.

खूश नव्हते ते तपासनीस साहेब. इस्त्रीच्या कपड्यात आले, एकेका जॅकेटाची कॉलर उलटून बघू लागले. फोम दाबून पाहिला नाही, पट्टा ओढून पाहिला नाही.

"लेबल कुठाय?"

"कापलं."

"सगळ्यांचं?"

"टोचतं हो."

"बाई, नव्या नियमाने लेबल नाही म्हणजे जॅकेट नाही."

"अगं बाई! मग हे भिंतीवर काय टांगलंय, पडदे?"

साहेबांना विनोद कळायची सोय सरकारने केलेली नव्हती. त्यांनी त्रेसष्टच्या त्रेसष्ट बाद केली. नवी जॅकेटं येईपर्यंत होडी बंद. मावशीने सोमवारची वही दाखवली, दोरी दाखवली, वजनं दाखवली. साहेब म्हणाले, "वहीला लेबल आहे का?" म्हणजे थोडा विनोद त्यांनाही येत होता.

शेवटी त्यांनी कोपऱ्यातल्या खुंटीला हात घातला तेव्हा मात्र मावशीचं डोकं फिरलं. "त्याला हात लावायचा नाही! माझी नात घालते ते. जिवापाड जपलंय मी. तुमच्या चित्रांपेक्षा माझा शब्द खरा आहे, चला दाखवते." साहेब पुढे, मावशी मागे, होडीवाला आणि तिकीटवाला फुकटची मजा बघायला, अशी वरात धक्क्यावर गेली. मावशीने लहान मुलाच्या बेताचं वजन बांधलं आणि जॅकेट ऐटीत पाण्यात सोडलं.

ते क्षणभर तरंगलं. मग एका कुशीवर वळलं आणि खाली गेलं. दोरी सरसर सरसर सुटत राहिली.

कोणी हसलं नाही. साहेबांनी वहीत लिहिलं, "लेबल नाही, सबब बाद." बुडल्याचं लिहायला त्यांच्या कागदात रकानाच नव्हता.

मावशीने दोरी ओढून ते निथळतं जॅकेट मांडीवर घेतलं आणि दाबून पाहिलं. पाठीचा फोम पुठ्ठ्यासारखा चपटा झालेला, भेगाळलेला. असा कसा झाला? ती खोलीत आली, बटणांचा डबा जमिनीवर पालथा केला. एवढं लहान लेबल एकच होतं. चष्मा लावून तिने ते अख्खं पत्र वाचलं, बावीस वर्षांत पहिल्यांदा. सातव्या ओळीत लिहिलं होतं, "यावर बसू नये. बसल्याने फोम दबतो व जॅकेट तरंगत नाही."

होडीची वाट बघताना चिमणी रोज धक्क्याच्या दगडी बाकावर बसायची. दगड गार लागतो म्हणून मावशीच खिडकीतून ओरडायची, "जॅकेट अंगाखाली घे गं!" चार वर्षं, रोज सकाळी.

मावशी त्या दिवशी जेवली नाही.

पंधरा दिवसांनी नवी जॅकेटं आली. पाण्याची चित्रं, लाटांची चित्रं, पालथ्या माणसाला उताणं करणारा वाकडा बाण, आणि एका कोपऱ्यात जॅकेटावर बसलेला माणूस, त्याच्यावर लाल फुली. मावशीने सगळ्यात आधी लहान जॅकेट पाण्यात सोडलं आणि एक नाही, दोन तास बघितलं. दुसऱ्या सकाळी चिमणीला ते ओलंच मिळालं.

चिमणी बाकापाशी गेली, जॅकेट दगडावर पसरलं आणि सवयीने बसायला वाकली.

"ऊठ! ऊठ आधी!" मावशी खिडकीतून अशी किंचाळली की रांगेतली माणसं दचकली.

पोर जॅकेट घेऊन घाबरत खिडकीशी आली. "काय झालं? तूच तर सांगायचीस ना, अंगाखाली घे म्हणून?"

"हो," मावशी म्हणाली. "मीच सांगायचे."

चिमणीने जॅकेट चढवलं, मान वळवली. "आजी, ओलं आहे. आणि लेबल टोचतंय. काप ना."

कात्री हाताशीच होती. मावशीने ती उचलून खणात टाकली, खिडकीतून हात बाहेर काढून बक्कल लावलं, ओढून बघितलं, पुन्हा ओढून बघितलं. मग पदराचं टोक फाडून त्याची घडी पोरीच्या मानेखाली, लेबलाला धक्का न लावता, सारली.

होडी सुटली. पुढच्या फेरीची माणसं खिडकीशी जॅकेट मागत होती, कुरकुरत होती. एक जण म्हणालाही, "मला नको, मला पोहता येतं." मावशीने ऐकलं नाही. होडी पलीकडे लागून तो नारिंगी ठिपका काठावर चढेपर्यंत ती तिकडेच बघत उभी होती.